इंजिन बदललेल्या जुन्या जिपांमधील दोषनिदान

इंजिन बदललेल्या जुन्या जिपांमधील दोषनिदान म्हणजे मूळ इंजिन काढून त्या जागी नंतरच्या पिढीचे इंजिन बसवलेल्या गाडीतील बिघाडाचे कारण शोधण्याची पद्धत होय. गाडीचे मूळ माहितीपुस्तक किंवा नव्या इंजिनाचे पुस्तक, यांपैकी कोणतेही अशा गाडीला पूर्णपणे लागू पडत नाही. जुने भाग व नवे इंजिन जेथे एकमेकांना जोडले जातात, तेथे अनेक दोष उद्भवतात. त्यामुळे इंजिन उघडण्यापूर्वी वायरिंग, इंधननळ्या, शीतकरण आणि मापके यांची तपासणी केली जाते. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या डोंगराळ, अतिपावसाच्या तालुक्यांत या जोडण्यांवर विशेष ताण येतो.

पार्श्वभूमी

महिंद्र अँड महिंद्र या कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जिपांची जोडणी सुरू केली. नंतर भारतात तयार झालेल्या सीजे-३बी या जिपेत हरिकेन हे सुमारे २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन असे. कार्ब्युरेटर, सीबी पॉइंट आणि इंजिनावरील यांत्रिक इंधनपंप ही त्याची मुख्य अंगे होती. पेट्रोलचा खर्च परवडेनासा झाल्यावर ग्रामीण महाराष्ट्रात अशा जिपांमध्ये डिझेल इंजिन बसवण्याची प्रथा रूढ झाली. प्यूजो परवान्याची यांत्रिक डिझेल इंजिने आणि अलीकडील कॉमन रेल इंजिने यांत मूलभूत फरक आहे. पहिल्या प्रकारात इंधनाचे प्रमाण पंप यांत्रिकपणे ठरवतो. दुसऱ्या प्रकारात ते संवेदकांच्या माहितीवरून इलेक्ट्रॉनिक नियंत्रक (ईसीयू) ठरवतो.

जुन्या सवयींचे धोके

यांत्रिक डिझेल इंजिनात कोणता सिलिंडर काम करत नाही हे पाहण्यासाठी इंजिन चालू ठेवून नोझलच्या नळीचा नट सैल करण्याची पद्धत आहे. कॉमन रेल इंजिनात ही कृती प्राणघातक ठरू शकते. या प्रणालीतील दाब हजार बारच्याही पुढे जातो आणि इतक्या दाबाची इंधनाची धार त्वचा भेदून शरीरात शिरते. अशी जखम लहान दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

अल्टरनेटर तपासण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढणे हीदेखील जुनी सवय आहे. त्यामुळे उसळणाऱ्या व्होल्टेजने नियंत्रक निकामी होऊ शकतो. त्याऐवजी बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावतात. १२ व्होल्टच्या प्रणालीत इंजिन चालू असताना साधारणतः १३.५ ते १४.५ व्होल्ट अपेक्षित असतात.

निदानाचा क्रम

१. विद्युतपुरवठा व अर्थ: सेल्फ मारताना बॅटरीचे ऋण टोक व इंजिन ब्लॉक यांतील व्होल्टेज मोजतात. ते अर्ध्या व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून अधिक असल्यास अर्थची वायर अपुरी अथवा गंजलेली असते. रबरी फाउंडेशनवर बसलेल्या इंजिनाला चासीशी जोडणारी स्वतंत्र अर्थवायर लागते. ती राहून गेल्यास संवेदकांचे संकेतही बिघडतात.

२. चार्जिंग: अनेक अल्टरनेटरांना डॅशबोर्डवरील चार्जिंग दिव्यातून प्रारंभिक प्रवाह मिळतो. जुन्या डॅशबोर्डवर दिव्याऐवजी केवळ अँपिअरमापक असल्यास अल्टरनेटर चांगला असूनही चार्जिंग सुरू होत नाही.

३. इंधन: जुन्या टाकीतील गंज फिल्टर तुंबवतो. टाकीपासून येणारी नळी सैल असल्यास इंजिन हवा ओढते, म्हणजेच ‘एअर धरते’. फिल्टरच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडल्यास बुडबुडे दिसतात. डिझेल इंजिनाला टाकीकडे जाणारी परतीची नळीही आवश्यक असते.

४. तापमान: जुना मापक व नवा संवेदक यांचा विद्युतरोध जुळत नसल्यास काटा चुकीचे तापमान दाखवतो. म्हणून निदानयंत्रातील आकडा किंवा इन्फ्रारेड तापमापक यांच्याशी तो ताडून पाहतात.

५. दोषसंकेत: निदानयंत्राने वाचलेला प्रत्येक संकेत खरा बिघाड दर्शवत नाही. जुन्या गिअरबॉक्सला वेगसंवेदक नसल्यास तो संकेत पुनःपुन्हा नोंदला जातो. गाडी सुस्थितीत असतानाच्या संकेतांची यादी व वायरिंगचा आराखडा गाडीत ठेवल्यास नवा दोष वेगळा ओळखता येतो.

जव्हार व मोखाडा परिसर

जव्हारहून मोखाडामार्गे त्र्यंबकेश्वर व नाशिककडे जाणारा रस्ता घाटवळणांचा आहे. जव्हारपासून नाशिक सुमारे ८० किलोमीटरवर आहे. चढावर गाडी खालच्या गिअरमध्ये हळू चालते. त्या वेळी इंजिनावर भार अधिक, तर रेडिएटरमधून जाणारा वारा कमी असतो. सपाटीवर पुरेसा वाटणारा मूळ रेडिएटर येथे अपुरा पडू शकतो. केवळ चढावर इंजिन गरम होत असेल तर प्रथम रेडिएटर, पंखा व त्याचे आवरण तपासतात. सपाटीवरही गरम होत असेल तर थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप आणि पाण्यात अडकलेली हवा यांचा विचार करतात.

पावसाळ्यात उघड्या जिपेत पाणी थेट डॅशबोर्डखाली पोहोचते. नियंत्रक व त्याचे जोड उंचावर, तोंड खाली करून बसवणे हितकारक असते. पावसातच उद्भवणारा आणि गाडी सुकल्यावर नाहीसा होणारा दोष बहुधा जोडांतील ओलाव्याचा असतो. वस्त्या विखुरलेल्या असलेल्या या भागात जीप हे प्रवासाचे, प्रसंगी रुग्णाला दवाखान्यात नेण्याचेही साधन आहे. त्यामुळे अधूनमधून दिसणाऱ्या दोषाचे कारण वेळीच शोधणे महत्त्वाचे ठरते.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनातील बदलांवर निर्बंध आहेत आणि इंजिन बदलाची नोंद नोंदणी प्राधिकरणाकडे होणे आवश्यक असते. ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम अधिसूचित झाले. त्यांत वाहन मूळ स्वरूपात असण्याची अट असल्याने वेगळ्या पिढीचे इंजिन बसवलेली जीप त्या वर्गात बसत नाही.