झूल पांघरलेल्या मोटारी

चाकण, भोसरीकडे कामाला जाणाऱ्या आपल्या तरुणांनी काळ्या-पांढऱ्या वेटोळ्यांची झूल पांघरलेली एखादी मोटार रस्त्यावर पाहिली असेल. ती बाजारात न आलेली नवी गाडी. चाचणी तर रस्त्यावर घ्यावी लागते, पण रूप कुणाला कळू द्यायचे नाही, म्हणून हा खटाटोप. युरोपातील अशा गाड्यांचा हिवाळी मुक्काम स्वीडनच्या उत्तरेला आर्येप्लुग नावाच्या गावी असतो. घरोघरच्या मुलांना गाड्यांचे वेड आहे, म्हणून त्या गावाची हकीकत येथे देत आहोत.

साऱ्या तालुक्याएवढ्या मुलखाची वस्ती तीन हजारांच्या आत. थंडी शून्याखाली ३० अंशांपर्यंत उतरते आणि तळी दगडासारखी गोठतात. त्या बर्फावर गाड्या पळवतात. ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊन गाडी घसरू नये यासाठी जी एबीएस यंत्रणा असते, तिची परीक्षा निसरड्या जागीच होते. डांबरी रस्त्यावर जो दोष भरधाव वेगात दिसेल, तो बर्फावर सावकाश चालवतानाही उघडा पडतो.

चाचणीच्या आवारात परक्याला प्रवेश नाही. पण गाड्या पेट्रोल भरायला, मुक्कामाला गावातल्या रस्त्यानेच जातात. तेथे छायाचित्रकार कॅमेऱ्याची बॅटरी कपड्यांत उबेला धरून तासन् तास उभे असतात. हे फोटो मासिके विकत घेतात. हा त्यांचा पोटाचा धंदा आहे.

ओळखायचे कसे? आधी नंबरची पाटी. आपल्याकडे एमएच-१२ म्हटले की पुणे, तसे जर्मनीत ‘एस’ म्हणजे श्टुटगार्ट, पोर्शे आणि मर्सिडीजचे गाव. ‘एम’ म्हणजे म्युनिक, बीएमडब्ल्यूचे. ‘आयएन’ म्हणजे इंगोलश्टाट, आउडीचे. मग छताचा उतार, मागच्या चाकांची रुंदी, आणि चाकाच्या आऱ्यांतून दिसणारा ब्रेक. झूल कितीही जाड घातली तरी चाके झाकता येत नाहीत. पोर्शेच्या ब्रेकचा पकडणारा भाग पिवळा दिसला, तर आत महागडी सिरॅमिकची तबकडी आहे असे जाणकार समजतात.

कंपन्याही काही कमी नाहीत. २०१९ साली आलेली पोर्शेची टायकान ही गाडी विजेवर चालते. तिला धूर नाही की सायलेन्सर नाही. तरी चाचणीच्या गाड्यांना मागे खोट्या नळ्या बसवल्या होत्या! पण आवाज कुठून आणणार? नळ्या असून गाडी मुकाट्याने निघून गेली की जाणकाराने ओळखलेच.

आम्हाला मात्र या गाड्यांपेक्षा त्यांच्याखालचा बर्फ करणाऱ्यांचे कौतुक वाटते. तळे गोठले की त्यावर पडलेले हिम गोधडीसारखे ऊब धरते आणि खालचा बर्फ जाड होऊ देत नाही. म्हणून ते सतत खरवडून काढावे लागते. कुठे किती जाडी झाली, कुठे यंत्र न्यायचे नाही, हे गावच्या कामगारांना ठाऊक असते. चुकले तर यंत्रासह माणूस खाली जाईल. छायाचित्राखाली गाडीचे नाव छापतात, यांचे कुणी छापत नाही.

हा मुलूख मुळात सामी लोकांचा. रेनडियर पाळणारे, वेगळ्या भाषेचे आदिवासी. १६३५ साली जवळच्या नासा डोंगरात राजाची चांदीची खाण सुरू झाली आणि सामींना आपल्या रेनडियरांसह माल वाहण्याची सक्ती झाली. नकार देणाऱ्यांचा छळ झाला. कित्येक कुटुंबे मुलूख सोडून पळाली. वेठबिगार म्हणजे काय, हे महारकी केलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांना कुणी समजावून सांगावे लागले नसते. बाबासाहेबांनी वतनाविरुद्धचे बिल १९२८ साली मुंबई कौन्सिलात मांडले होते, हे आपल्या घरात सर्वांना ठाऊक आहे. ती खाण १६५९ साली शत्रूने उद्ध्वस्त केली.

सामी अजून तेथे आहेत. स्वीडनमध्ये रेनडियर पाळण्याचा हक्क कायद्याने त्यांचाच आहे. हिवाळ्यात ही जनावरे मिठासाठी रस्त्यावर येतात आणि हलता हलत नाहीत. मग झूल पांघरलेली ती लाखमोलाची मोटारही इंजिन चालू ठेवून, जनावर बाजूला होईपर्यंत उभी राहते. छायाचित्रकाराला चांगला फोटो मिळतो तो बहुधा तेव्हाच.