मूल कोणासाठी? परदेशी जाऊन विशेष गरजा असलेलं मूल दत्तक घेण्याविषयी

मागच्या व्याख्यानात आपण उपकार आणि कर्तव्य यांतला फरक पाहिला. त्यानंतर एका श्रोत्यांनी प्रश्न पाठवला. तो असा, की परदेशातली जोडपी इथे येतात, एखादं अपंग किंवा आजारी मूल दत्तक घेऊन जातात, त्याचे उपचार करतात, त्याला वाढवतात. हा उपकारच नव्हे का? आणि उपकार असेल तर त्या मुलाने जन्मभर कृतज्ञ राहायला हवं का? प्रश्नाच्या दुसऱ्या भागासाठी आजचं सगळं व्याख्यान आहे. पण तिथे पोहोचायचं तर आधी दत्तक म्हणजे काय, हे पाहावं लागेल.

आपल्या परंपरेत दत्तक हा विषय ऋणाशी बांधलेला आहे. माणूस तीन ऋणं घेऊन जन्माला येतो: देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. पितृऋण फेडायचं तर पुत्र हवा. औरस नसेल तर दत्तक. सतराव्या शतकातल्या नंद पंडितांच्या ‘दत्तकमीमांसा’ या ग्रंथात कोणता मुलगा घ्यावा, कोणी द्यावा, कोणत्या विधीने घ्यावा याची बारकाईने चर्चा आहे. सगळ्या चर्चेचा रोख एकच: या घराला कोणतं मूल हवं? पिंड देणारं, वंश चालवणारं, वतन सांभाळणारं. आता याच्या शेजारी मनुस्मृतीचा नववा अध्याय ठेवा. जन्मांध, बहिरा अशांना वारसाहक्काचा वाटा नाही, फक्त पोटापाण्याची सोय करावी, असा तिथे नियम आहे. म्हणजे ज्या कामासाठी दत्तक घ्यायचा, त्या कामाला असं मूल उपयोगी नाही. त्याला कोणी दत्तक घेतलं नाही, यात क्रौर्यापेक्षा हिशेब जास्त होता. पण हिशेबात मूल साधन होतं, हे विसरून चालणार नाही.

हा रोख उलटा व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं. भारतीय मुलं परदेशी दत्तक देताना गैरप्रकार होतात, अशी त्यांची तक्रार होती. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि 1984 मध्ये न्या. पी. एन. भगवती यांनी सविस्तर नियम घालून दिले. त्यातून पुढे 1990 मध्ये केंद्रीय दत्तक संस्था, म्हणजे आपण जिला ‘कारा’ म्हणतो ती, उभी राहिली. 1993 मध्ये हेग इथे आंतरदेशीय दत्तकासंबंधीचा करार झाला. भारताने तो 2003 मध्ये स्वीकारला. या कराराचा गाभा साधा आहे. मुलाने शक्यतो आपल्या जन्मदात्या कुटुंबात वाढावं. ते अशक्य असेल तर आपल्याच देशातल्या दुसऱ्या कुटुंबात. आणि तेही मिळत नसेल तरच परदेशी कुटुंबात. प्रश्न बदलला, बघा. आता विचारायचं ते हे, की या मुलाला कोणतं घर हवं?

आपला 2015 चा बालन्याय कायदा याच पायऱ्यांवर चालतो. मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मोकळं झाल्यावर साठ दिवसांत त्याला भारतीय किंवा अनिवासी भारतीय कुटुंब मिळालं नाही, तर ते परदेशी कुटुंबाला देता येतं, असं त्याचं 59 वं कलम सांगतं. आणि परदेशी देताना शारीरिक वा मानसिक अपंगत्व असलेली मुलं, भावंडं आणि पाच वर्षांवरची मुलं यांना प्राधान्य देता येतं.

या तरतुदीचा अर्थ नीट समजून घेऊ. परदेशी पालकांसमोर त्या मुलाची माहिती येते, तेव्हा इथल्या पालकांना त्याला घेण्याची संधी आधी मिळून गेलेली असते. ती माहिती आपल्यापैकी कोणीतरी वाचून बाजूला ठेवलेली असू शकते. यात लगेच समाजाला दोष देऊ नये. ‘विशेष गरजा’ हा शब्द फार रुंद आहे. त्यात दुभंगलेला ओठ येतो, जन्मतः वाकडी पावलं येतात, हृदयातलं छिद्र येतं, कमी ऐकू येणं येतं. तसंच थॅलेसेमिया, डाउन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी हेही येतं. यातल्या काही गोष्टी एखाद-दुसऱ्या शस्त्रक्रियेने सुधारतात, काही जन्मभर सोबत राहतात. शिवाय गरज ही एकट्या मुलाची नसते. जिथे शाळेत उतार आहे, शिकवणाऱ्याला खुणांची भाषा येते, जवळपास उपचारतज्ज्ञ आहे, तिथे तेच मूल कमी ‘विशेष’ ठरतं. तेव्हा ते मूल समुद्रापार जातं याचं एक कारण आपल्या मनात आहे आणि दुसरं आपल्या शाळांत, दवाखान्यांत, फुटपाथांवर आहे. दुसरं कारण दूर करणं हे आपलं सार्वजनिक काम आहे.

आता परदेशी पालकांच्या बाजूने पाहू. त्यांच्या देशातली मान्यताप्राप्त संस्था त्यांच्या घराची, आरोग्याची, मिळकतीची, स्वभावाचीही चौकशी करून अहवाल तयार करते. अनेक संस्था एक लांबलचक यादीही देतात. आजारांची, अपंगत्वांची नावं, आणि प्रत्येकापुढे तीन रकाने: हो, नाही, विचार करू. अनेक पालकांना ही यादी भरताना अपराधी वाटतं. पोटचं मूल असतं तर निवड केली असती का, असं त्यांना वाटतं. आमच्या विद्यार्थ्यांपुढे आम्ही हा प्रश्न ठेवायचो, तेव्हा निम्मा वर्ग म्हणायचा की ‘नाही’वर खूण करणं अनैतिकच.

आम्हाला तसं वाटत नाही. कान्टचं एक मत इथे उपयोगी पडतं: जे करणं शक्यच नाही, ते कर्तव्य असू शकत नाही. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहणाऱ्या, दोघंही बारा तास नोकरी करणाऱ्या जोडप्याने चाकाच्या खुर्चीपुढे ‘नाही’ लिहिलं, तर ते त्या मुलाशी प्रामाणिक वागणं आहे. खोटा ‘हो’ त्याहून वाईट. 2010 मध्ये अमेरिकेतल्या एका स्त्रीने रशियातून दत्तक घेतलेल्या सात वर्षांच्या मुलाला एकट्यालाच विमानात बसवून मॉस्कोला परत पाठवलं होतं. त्या बातमीने जग हादरलं. आपली ताकद न ओळखता दिलेल्या शब्दाची किंमत मूल चुकवतं.

पण यादीत एक धोकाही आहे. ती पाहता पाहता माणूस दुकानात उभा असल्यासारखा विचार करू लागतो: अमुक चालेल, तमुक नको. कान्टनेच सांगितलं होतं, की वस्तूला किंमत असते आणि माणसाला प्रतिष्ठा. ज्याला किंमत आहे त्याच्या जागी दुसरं काही ठेवता येतं, माणसाच्या जागी नाही. म्हणून यादी पालकांच्या ताकदीची समजावी, मुलांच्या प्रतवारीची नव्हे. एकदा एका मुलाचा वैद्यकीय अहवाल वाचून, डॉक्टरांशी बोलून होकार दिला, की यादीचं काम संपलं. पुढे काही नवीन निदान निघालं तरी मूल तेच राहतं.

होकारानंतर काराचं ना-हरकत प्रमाणपत्र, दत्तक आदेश, पासपोर्ट, व्हिसा. दत्तक आदेश पूर्वी न्यायालय देत असे, सप्टेंबर 2022 पासून जिल्हाधिकारी देतात. यात बरेच महिने जातात. पालक चिडतात, आणि त्यांचं चिडणं समजण्यासारखं आहे, कारण वाट पाहणं मुलालाही भोवतं. मायकेल रटर यांनी रुमानियाच्या अनाथालयांतून 1990 नंतर ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा दीर्घ अभ्यास केला. सहा महिन्यांच्या आत नवं घर मिळालेली मुलं बहुतांशी सावरली. त्याहून जास्त काळ तिथे राहिलेल्यांपैकी अनेकांच्या अडचणी मोठेपणीही टिकून राहिल्या. म्हणजे उशीर हीच एक नवी ‘विशेष गरज’ तयार करतो. पण घाईसाठी तपासणी गाळायची का? दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने 2025 मध्ये सांगितलं, की पूर्वीच्या काळात तिथून परदेशी गेलेल्या अनेक मुलांच्या नोंदी खोट्या होत्या. आईवडील हयात असताना अनाथ म्हणून नोंदलेली मुलंही त्यांत होती. चीनने 2024 मध्ये परदेशी दत्तक जवळजवळ बंदच केलं. तेव्हा कागदपत्रं वेगाने व्हावीत, पण पूर्ण व्हावीत. आपण कुठून आलो हे कळणं हा त्या मुलाचा हक्क आहे, आणि तो त्या कागदांत राहतो.

मग पालक इथे येतात. पुण्या-मुंबईतल्या एखाद्या संस्थेतलं चार-पाच वर्षांचं मूल आहे, असं समजू. त्याच्या बाजूने हा प्रसंग कसा असेल? रोज जेवू घालणारी मावशी, खाटेशेजारचा मित्र, वरणभाताचा वास, मराठी बोलणं, हे सगळं एका आठवड्यात सुटणार. ज्यांची भाषा कळत नाही अशी दोन माणसं त्याला जवळ घेणार. ते रडेल, गप्प बसेल, एकालाच चिकटेल किंवा दोघांनाही ढकलेल. ऐकू न येणाऱ्या मुलाला तर काय चाललंय हे कोणी सांगूही शकत नाही, जोवर त्याला कुठलीच भाषा शिकवलेली नसते. या रडण्याचा कृतघ्नतेशी काही संबंध नाही. त्याने काहीतरी गमावलंय आणि ते त्याला कळलंय, एवढाच त्याचा अर्थ. समंजस पालक म्हणून काही गोष्टी आवर्जून करतात: मावशींचा आणि मित्रांचा फोटो घेतात, मूल झोपताना काय ऐकतं ते विचारून ठेवतात, अंगावरचं जुनं पांघरूण न धुता सोबत नेतात, ‘पाणी’, ‘दुखतंय’, ‘शू’, ‘भीती’, ‘झोप’ असे पंधरा-वीस मराठी शब्द शिकून येतात. परदेशातल्या आपल्या मराठी कुटुंबांनी अशा घराशी ओळख ठेवली, तर ही भाषा त्या मुलाच्या कानावर थोडी जास्त दिवस राहील.

परतल्यावरही जबाबदारी संपत नाही. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी मुलाचा अहवाल भारताला पाठवावा लागतो. नागरिकत्वाची कागदपत्रं पूर्ण करावी लागतात. अमेरिकेत पूर्वी ती न केल्यामुळे दत्तक गेलेल्या काही जणांना प्रौढ वयात जन्मदेशी धाडण्यात आलं. तिथली भाषाही त्यांना येत नव्हती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मुलाने कृतज्ञ राहायला हवं का? जुन्या व्यवस्थेत मूल बापाचं ऋण फेडण्याचं साधन होतं. ‘आम्ही तुला तिथून उचलून आणलं’ असं म्हणणाऱ्या नव्या व्यवस्थेत मूलच ऋणको होतं. दोन्हीकडे ते खतावणीतली एक नोंदच राहतं. पालकांनी ओझं उचललं, खर्च केला, रात्री जागून काढल्या, हे खरं. पण त्यांनी शब्द दिला होता आणि तो पाळला. शब्द पाळणं हे कर्तव्य आहे, आणि कर्तव्याचं व्याज घेता येत नाही. मुलाला पुढे कृतज्ञता वाटली तर ती कोणत्याही मुलाला आईवडिलांबद्दल वाटते तशी वाटावी. आणि कधी राग आला, ‘मला माझ्या गावातून का नेलंत’ असं त्याने विचारलं, तर तेही कोणत्याही मुलाइतक्याच मोकळेपणाने विचारता यावं. उत्तर म्हणून पालकांच्या हातात खरी कागदपत्रं आणि तो फोटो असावा.

राहिला आपला भाग. परदेशी कुटुंबाआधीचा तो काळ आपल्या वाट्याचा आहे. तुमच्या ओळखीत कोणी दत्तकाच्या विचारात असेल, तर त्यांना सांगा, की विशेष गरजा असलेल्या मुलाचा अहवाल नावावरूनच बाजूला ठेवू नका. बालरोगतज्ज्ञांकडे नेऊन एकदा वाचून घ्या. मग ‘नाही’ म्हणायचं असेल तर म्हणा.

पुढच्या वेळी आपण ‘संमती म्हणजे काय’ हा विषय घेऊ. जे स्वतः होकार देऊ शकत नाही, त्या मुलाच्या वतीने होकार कोण देतं, ही आज बाजूला ठेवलेली अडचण तिथे येईलच. प्रश्न लिहून पाठवा.