कढईआधीचं काम

बँकॉकच्या जुन्या भागातल्या नांग लेंग बाजाराकडे वळलं, की आधी खोबरं आणि तीळ तळल्याचा वास येतो. 1900 साली राजा चुलालोंगकोर्नच्या कारकिर्दीत हा बाजार सुरू झाला. तोवर शहराचा बराचसा भाजीपाला कालव्यांवरच्या होड्यांतून विकला जाई. जमिनीवरच्या जुन्या बाजारांत याचं नाव घेतात. आज हा परिसर ओळखला जातो तो ‘क्लुअय खॅक’साठी, म्हणजे पिठात घोळवून तळलेल्या केळ्यांसाठी.

मी ज्या कढईशी उभा होतो, तिथल्या बाईंना गिऱ्हाईकं ‘पा’ म्हणून हाक मारत होती. आपल्याकडे मावशी म्हणतात तसंच. मावशी केळी सोलण्याआधी प्रत्येक फणीवरून अंगठा फिरवत होत्या. ही ‘नाम वा’ जातीची केळी, आखूड, जाड, कंगोरेदार. तमिळनाडूत कर्पूरवल्ली म्हणतात ती याच कुळातली. तळायला पूर्ण पिकलेलं केळं चालत नाही आणि कच्चंही नाही. साल पिवळी व्हायला लागलेली हवी, पण कंगोऱ्यांवर हिरवी रेघ उरलेली हवी. कच्च्या केळ्यात सगळा भर पिष्टाचा असतो. पिकताना त्याची साखर होत जाते. फार पिकलं तर काप तेलात मऊ पडून मोडतो आणि साखर करपते. कच्चं राहिलं तर तुरट, कोरडं लागतं. या दोन्हींच्या मधले दिवस थोडेच असतात. त्यामुळे आज कोणती फणी तळायची आणि कोणती उद्यासाठी ठेवायची, हे ठरवण्यातच सकाळ जाते. मावशींनी बाजूला सारलेल्या एका फणीत मला काहीच वावगं दिसलं नव्हतं. त्यांच्या अंगठ्याला ते कळलं होतं.

दुसरी तयारी चुन्याच्या निवळीची. थाई स्वयंपाकघरात पानाला लावायचा लाल चुना वापरतात. पांढऱ्या चुन्यात हळद कालवली, की तो लाल होतो. हळदीपासून कुंकू करणाऱ्यांना हे सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फिबून सोंगख्राम यांच्या सरकारने पान खाण्यावर बंदी आणली आणि ती सवय हळूहळू मागे पडली. स्वयंपाकातला चुना मात्र टिकला. तो पाण्यात कालवून ठेवतात, गाळ तळाशी बसू देतात आणि वरचं नितळ पाणी तेवढं घेतात. लिटरभर पाण्यात जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम चुना विरघळतो, पण तेवढा पुरतो. त्यातलं कॅल्शियम केळ्याच्या बाहेरच्या थराला घट्टपणा देतं आणि पाण्याच्या अल्कधर्मी गुणामुळे पिठाला लवकर सोनेरी रंग चढतो. भांडं हलवलं, की गाळ वर येतो. म्हणून ते कोपऱ्यात, कुणाचा पाय लागणार नाही असं ठेवलेलं होतं.

या निवळीत तांदळाचं पीठ, खवलेलं ओलं खोबरं, पांढरे तीळ, साखर आणि मीठ घालतात. तांदळात ग्लुटेन नसल्यामुळे कवच चिवट न होता कुरकुरीत होतं. साखर बेतानेच, कारण ती जास्त झाली तर कवच कडक व्हायच्या आत काळं पडतं. भिजवलेलं पीठ थोडा वेळ मुरू देतात. दाणा पाणी प्यायला, की ते केळ्याला नीट धरतं.

आता कढई. केळ्याचे उभे तीन-चार काप करून, घोळवून, एकेक काप कडेने तेलात सोडतात. लगेच झारा लावत नाहीत. कवच धरायच्या आत हलवलं, तर पीठ सुटून तेलात पसरतं. सुरुवातीला बुडबुडे जोरात येतात; ती पिठातली आणि केळ्यातली वाफ. ती बाहेर पडत असते तोवर तेलाला आत शिरायला वाव नसतो. बुडबुडे मंदावले, आवाज बारीक झाला, की काढायची वेळ. मावशी त्या वेळी गिऱ्हाइकाशी बोलत होत्या, पाठ कढईकडे होती. आवाज उतरताच हात झाऱ्याकडे गेला. काढलेले काप लगेच जाळीवर निथळत ठेवतात. तळणीत शोषलं जाणारं बरंचसं तेल पदार्थ बाहेर काढल्यावर, तो निवताना आत शिरतं, म्हणून ही घाई. पुढचा घाणा सोडण्याआधी तेलातला चुरा गाळून काढतात, नाहीतर तो जळून सगळ्या कढईला कडवटपणा येतो.

कागदी पिशव्या भरल्या, की विक्री सुरू. नांग लेंगच्या रस्त्यांवर रंगीत एप्रन घातलेले विक्रेते सिग्नलला थांबलेल्या गाड्यांमधून फिरत. रंगावरून दुकान ओळखू येई. पुढे या विक्रीवर निर्बंध आले. 2014 नंतर शहरभर पदपथ मोकळे करण्याची मोहीम चालली आणि अनेक विक्रेत्यांच्या जागा गेल्या. पदपथावर चालणाऱ्यांचा हक्क मला मान्य आहे. पण जागा काढून घेताना त्या कढईमागचं कसब हिशेबात धरलं जात नाही, याचं वाईट वाटतं. काही मिनिटांत हातात पडतं म्हणून आपण याला झटपट खाणं म्हणतो. प्रत्यक्षात ते मुरलेल्या पिठावर, निवळलेल्या पाण्यावर आणि नेमकं पिकेपर्यंत थांबलेल्या केळ्यावर उभं असतं. असं जाणतं माणूस दुसरीकडे हलवलं, तर ठरलेली गिऱ्हाईकं आणि ठरलेला केळीवाला तुटतो, आणि काम पुन्हा पहिल्यापासून उभं करावं लागतं.

तांदळाचं पीठ, खोबरं, तीळ, खायचा चुना हे सगळं आपल्या घरातलंच सामान आहे. घरी करायचं तर केळी कर्पूरवल्लीची घ्यावीत. वेलची केळं यासाठी फार मऊ पडतं. निवळी आदल्या रात्री करून ठेवावी, आणि केळी अजून हिरवी असतील, तर बेत दोन दिवस पुढे ढकलावा.