सरासरी पॅकेजच्या पोटात
(प्रवेशाचं गणित : लेखांक 5)

इंजिनीअरिंगच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या, ऑप्शन फॉर्मचा क्रम गेल्या आठवड्यात पाहिला. हा क्रम लावताना कॉम्प्युटर शाखेच्या पालकांचा वाद हमखास एकाच मुद्द्यावर येतो : ‘त्या कॉलेजचं सरासरी पॅकेज दीड लाखाने जास्त आहे.’

हा दीड लाख येतो कुठून? समजा, वर्गात 60 मुलं आहेत. 40 जणांना कॅम्पसमधून नोकरी लागली. त्यांतल्या 36 जणांना 4 लाख, तिघांना 12 लाख आणि एका पठ्ठ्याला 60 लाख. बेरीज 240 लाख, भागिले 40, सरासरी 6 लाख. फ्लेक्सवर हाच आकडा झळकतो, शेजारी पठ्ठ्याचा फोटो. प्रत्यक्षात 6 लाख पगार त्या वर्गात एकालाही नाही! पगार चढत्या क्रमाने मांडले तर मधोमध येतो तो आकडा, म्हणजे मध्यक, 4 लाखच. त्या एकाला वगळून बघा, सरासरी 4.6 लाखांवर उतरते. जवळजवळ दीड लाखाचा फरक एकट्या त्याच्यामुळे पडला. आणि नोकरी न लागलेली 20 मुलं? ती भागाकारात कुठेच नाहीत.

मुळात पॅकेज म्हणजे हातात पडणारा पगारही नव्हे. सीटीसीत, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चात, कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटी धरलेली असते. मोठ्या आकड्यांमध्ये एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस असतो, शिवाय टप्प्याटप्प्याने, बहुधा चार वर्षांत, हाती येणारे शेअर्सही असू शकतात. बातमीत मात्र हे सगळं एकाच वर्षाच्या खात्यावर जमा.

त्यापेक्षा एनआयआरएफचा तक्ता उघडा. केंद्र सरकारची ही क्रमवारी 2016 पासून जाहीर होते आणि तिच्यासाठी भरलेली माहिती कॉलेजच्या वेबसाइटवरही सापडते. त्यात चार वर्षांच्या पदवीची ओळ शोधायची. पहिल्या वर्षाला किती मुलं आली, डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला किती, वेळेत किती पास झाली, किती जण नोकरीला लागले, किती पुढे शिकायला गेले आणि मध्यक पगार किती, हे सगळं एका ओळीत मिळतं. एकच गोम आहे. हा मध्यक सगळ्या शाखांचा एकत्र असतो. मेकॅनिकल, सिव्हिल, कॉम्प्युटर एकाच पोत्यात. म्हणून शाखावार आकडे कॉलेजच्या टीपीओकडेच (प्लेसमेंट अधिकाऱ्याकडे) मागावे लागतात, तेही ‘ऑफर किती’ असं नाही, तर ‘मुलं किती’ असं विचारून. एकाच मुलाच्या दोन ऑफर दोनदा मोजल्या जाऊ शकतात.

एवढं करून मध्यक खरोखरच जास्त निघाला, तरी ती करामत कॉलेजची की तिथे आलेल्या मुलांची? 99 पर्सेंटाइलवाली मुलं गोळा केली की पगार चांगलेच दिसणार. अमेरिकेत स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये नेमका हाच प्रश्न हाताळला. ज्यांना सारख्याच तोडीच्या कॉलेजांनी प्रवेश देऊ केला होता, अशा मुलांची त्यांनी तुलना केली. काही जण त्यांतल्या जास्त निवडक कॉलेजात गेले, काही कमी निवडक. पुढच्या कमाईत फारसा फरक आढळला नाही. अपवाद कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांचा. त्यांना निवडक कॉलेजचा फायदा झाला होता. आपल्याकडे अशा घरांची गाडी अडते ती फीपाशी. तेव्हा पुढच्या आठवड्यात फी आणि राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती.