काळी काच म्हणजे थंड काच नव्हे

सांगलीहून सकाळी साताऱ्याला निघालेल्या गाडीत ऊन उजवीकडून, म्हणजे चालकाच्या बाजूने येते. संध्याकाळी परतताना मावळतीचे ऊनही उजव्याच खिडकीतून. साताऱ्याहून रोज सांगलीला ये-जा करणाऱ्यांचे नेमके उलटे; दोन्ही वेळा डावी बाजू तापते आणि शेजारी बसलेला भाजून निघतो. त्यामुळे उन्हाळा लागला की आष्टा, पेठ नाका, कऱ्हाड, उंब्रज असा प्रवास करणारे अनेक जण काचांना फिल्म लावायचा विचार करतात. मागणी बहुधा एकच असते, 'जरा गडद लावा.' गडद म्हणजे थंड, हा समज मात्र खरा नाही.

जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत जवळपास निम्मा वाटा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो. साधी रंगवलेली फिल्म प्रामुख्याने दिसणारा प्रकाश अडवते. गाडीत अंधार होतो, पण उष्णता बरीचशी आत येतेच. चांगली सिरॅमिक फिल्म फिकट असूनही अवरक्त किरणांचा मोठा भाग रोखते. धातूचा थर असलेली फिल्मही उष्णता परतवते; पण ती मोबाइल आणि जीपीएसच्या लहरींना अडथळा ठरू शकते. समोरच्या काचेवर ती लावली, तर तासवडे टोलनाक्यावर फास्टॅग वाचला न जाण्याचीही शक्यता असते.

त्वचेचा प्रश्न वेगळा आहे. समोरची काच दोन थरांची असते आणि मधल्या प्लॅस्टिकच्या पडद्यामुळे बहुतेक अतिनील किरण अडतात. बाजूच्या काचा सहसा एकेरी असतात. त्वचा अकाली वृद्ध करणारे 'अतिनील-ए' किरण त्यांतून आत येतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत समोरच्या काचांनी हे किरण सरासरी ९६ टक्के अडवले, बाजूच्या काचांनी ७१ टक्के. काही गाड्यांत तर जेमतेम ४४ टक्के. हे किरण रोखणारी फिल्म जवळपास पारदर्शकही मिळते.

कायद्याचे गणित समजून घ्यायला हवे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवर फिल्म चिकटवण्यास मनाई केली. पुढे नियम बदलला. १ एप्रिल २०२१ पासून भारतीय मानकात बसणारी, आतून फिल्म लावलेली सुरक्षा काच नियमात आली आणि २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने अशी फिल्म वैध ठरवली. तो निकाल केरळचा असल्याने फिल्म लावण्यापूर्वी आपल्या आरटीओत चौकशी करणे शहाणपणाचे. मुख्य म्हणजे ५० टक्के हे माप फिल्मचे नाही, काच आणि फिल्म दोन्ही मिळून आहे. मूळ काच ७५ टक्के प्रकाश सोडत असेल आणि तिच्यावर ५० टक्क्यांची फिल्म लावली, तर उरतात जेमतेम ३७ टक्के. ७० टक्क्यांची लावली तर ५२, म्हणजे नियमात.

ही मर्यादा केवळ दंडासाठी नाही. ऊस गाळप हंगामात मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात. वळणावर, चौकात, बाजूच्या आरशात त्या दिसतात त्या बाजूच्या काचेतूनच. त्यातच साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. दुपारी सुखावणारी गडद काच रात्री नेमकी तिथेच घात करते.

म्हणून दुकानात रंग न बघता तीन आकडे विचारावेत : दृश्य प्रकाश किती सोडते, एकूण सौरऊर्जा किती रोखते आणि अतिनील किरण किती अडवते. पहिल्या आकड्यात मूळ काचेचा हिशेब धरावा आणि मानकाचे प्रमाणपत्र मागून घ्यावे.

फिल्म कितीही भारी असली, तरी उन्हात उभी गाडी तापतेच. त्यातली बहुतांश तापमानवाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. त्यामुळे 'पाच मिनिटांत येतो' म्हणून मुलाला किंवा म्हाताऱ्या माणसाला बंद गाडीत बसवून जाऊ नये.