८२५९ए: एकाच मालकाची चिप

१९८१ सालच्या आयबीएम पीसीत इंटेलची २८ पायांची एक चिप होती, ८२५९ए. घड्याळ, कीबोर्ड, फ्लॉपी यांपैकी कोणाला प्रोसेसरचं लक्ष हवं असेल तर ते हिच्यामार्फत. हिच्याकडे आठ तारा येत, प्रोसेसरकडे एकच जाई. दोन तारा एकदम जाग्या झाल्या तर मान कमी क्रमांकाच्या तारेचा: शून्यावर घड्याळ, सेकंदाला सुमारे १८.२ ठोके, एकवर कीबोर्ड.

लक्ष वेधणारी ही हाक म्हणजे इंटरप्ट. तो आला की प्रोसेसर हातातली सूचना पुरी करतो, आपण कुठे होतो ते स्टॅकवर ठेवतो आणि चिपने दिलेल्या क्रमांकावरून तक्त्यातला प्रोग्राम, म्हणजे हँडलर, गाठतो. काम उरकल्याचं चिपला कळवावं लागतं. ते राहिलं तर ती तार आणि तिच्याखालच्या सगळ्या अडून बसतात. नवशिक्याच्या कीबोर्ड ड्रायव्हरमध्ये पहिली कळ उमटते आणि दुसरी उमटतच नाही, तेव्हा जाणता माणूस आधी तिथेच बघतो.

१९८४ च्या पीसी एटीत आठ तारा पुरेनात. मग दुसरी ८२५९ए पहिलीच्या दोन नंबरच्या तारेला जोडली. वापरता येणाऱ्या तारा झाल्या १५. जुगाडच, पण टिकला.

खरा पेच दुसरा प्रोसेसर आला तेव्हा पडला. प्रोसेसर एकच असताना सामायिक माहितीला हात लावण्यापूर्वी सीएलआय ही सूचना देऊन इंटरप्ट बंद केले की भागायचं. पण सीएलआय चालते स्वतःपुरतीच. शेजारचा प्रोसेसर खुशाल तीच माहिती बदलतो. म्हणून स्पिनलॉक आला: तो दुसऱ्याच्या हातात असेल तर सुटेपर्यंत प्रोसेसर जागच्या जागी घिरट्या घालत वाट बघतो. तरी स्वतःचे इंटरप्ट बंद ठेवावेच लागतात. कारण लॉक हातात असताना इंटरप्ट आला आणि त्याच्या हँडलरलाही तोच लॉक हवा असला, तर तो कायमचा ताटकळणार: लॉक सोडणारा कोड त्याच्याचखाली थांबलेला!

शिवाय इंटरप्ट आला की कोणत्या प्रोसेसरला थांबवायचं हेही ठरवायला हवं, आणि एकच मालक ओळखणाऱ्या ८२५९एला ते जमत नव्हतं. १९९४ च्या पेंटियममध्ये लोकल एपिक, म्हणजे त्या प्रोसेसरचं स्वतःचं इंटरप्ट सांभाळणारं यंत्र, प्रोसेसरच्या आतच आलं. बाहेरच्या आयओ एपिकमध्ये कोणत्या तारेचा इंटरप्ट कोणत्या प्रोसेसरकडे न्यायचा याची नोंद असते. ८२०९३एए या आयओ एपिक चिपमध्ये अशा २४ तारा होत्या. आता प्रोसेसर एकमेकांनाही इंटरप्ट धाडू लागले. एकाने पेज टेबल, म्हणजे मेमरीच्या पत्त्यांचा तक्ता, बदललं की बाकीच्यांनी टीएलबीतल्या, म्हणजे त्या तक्त्याच्या हाताशी ठेवलेल्या प्रतीतल्या, शिळ्या नोंदी टाकून द्याव्यात, हा निरोप असाच जातो.

पुढे तारच गेली. एमएसआय (मेसेज सिग्नल्ड इंटरप्ट) पद्धतीत कार्ड ठरावीक पत्त्यावर एक आकडा लिहितं, तोच इंटरप्ट. तिच्या एमएसआय-एक्स या विस्तारात एका उपकरणाला असे २०४८ पर्यंत मिळतात. त्यामुळे वेगवान नेटवर्क कार्ड प्रत्येक कोअरसाठी वेगळी रांग आणि तिचा वेगळा इंटरप्ट ठेवू शकतं. रांगेतली माहिती ज्या कोअरवर वापरली जाणार त्यालाच ती रांग बांधली, तर कॅशेतला माल तिथल्या तिथे हाताशी लागतो.