एरंडेल: पोटात आणि यंत्रात

एरंड कुणी पाहिला नाही? बांधावर, उकिरड्याजवळ, पडक्या भिंतीपाशी तो आपोआप उगवतो. हाताच्या पंजासारखी पाने, काटेरी बोंडे. एका बोंडात तीन बिया. या बियांना एरंडी म्हणतात. एरंडी दाबून तेल काढतात, ते एरंडेल.

लहानपणी आमची आई नाक दाबून आम्हांला एरंडेल पाजायची. तेव्हा वाटे, हे तेल जुलाबापलीकडे काय कामाचे? पुढे कळले, कारखान्यात त्याला मोठा मान आहे.

त्याचे कारण घरीच पाहा. एक ताट तिरपे धरा. वरच्या कडेला शेंगदाण्याच्या तेलाचा एक थेंब टाका, शेजारी एरंडेलाचा. शेंगदाण्याचे तेल झटकन खाली येईल. एरंडेल मागे रेंगाळेल. एवढे ते दाट! तापले की सगळीच तेले पातळ होतात, पण एरंडेल बाकीच्यांपेक्षा दाटच राहते. थंडीत खोबरेल गोठते, एरंडेल गोठत नाही. म्हणून घासणाऱ्या दोन लोखंडांमध्ये ते टिकून राहते. आपले वाडवडील गाडीच्या आखाला आणि मोटेच्या चामड्याला एरंडेल लावीत, ते काही उगीच नव्हे.

१९१४ ते १९१८ या काळात युरोपात मोठे युद्ध झाले. त्या वेळच्या कितीतरी विमानांची इंजिने पंख्याबरोबर स्वतःही गरगर फिरत. त्यांत पेट्रोल आणि वंगण एकाच पोकळीतून जाई. साधे वंगण पेट्रोलात विरघळून धुऊन जाई. एरंडेल पेट्रोलात सहजी मिसळत नाही, म्हणून तेच घालीत. उडालेले तेल वैमानिकाच्या तोंडात जाई आणि बिचाऱ्याचे पोट बिघडे, असे सांगतात.

आज एरंडेलापासून वंगण, साबण, रंग होतात. एक जातीचे नायलॉनही होते. गंधकाच्या तेजाबाची प्रक्रिया केली की ते पाण्यात मिसळते, मग कापड रंगवायला आणि चामडे मऊ करायला कामी येते. जगात दहा पोती एरंडी पिकली, तर त्यांतली आठ तरी भारतातली. त्यांतही बहुतेक गुजरातेतली.

आता पेंडीचे ऐका. एरंडीत रिसिन नावाचे जहाल विष असते. ते तेलात उतरत नाही, पेंडीत राहते. आमच्या गावी एकाने स्वस्त मिळाली म्हणून ही पेंड आणली. पेंड ती पेंड, असे समजून गाईच्या आंबोणात घातली. गाईला रक्ताची हगवण लागली. तिसऱ्या दिवशी ती गेली. दुभती गाय होती हो! पोत्यावर ‘फक्त खतासाठी’ असे छापलेले होते. त्या घरी ते वाचणारे कुणी नव्हते.

ही पेंड उसाला, केळीला घाला. खत उत्तम आहे. मात्र पोते गोठ्यापासून लांब, बंद खोलीत ठेवा. एरंडीची बी गोचिडासारखी, ठिपक्यांची आणि चकचकीत असते. पोरे ती खेळायला घेतात. कुणी चावून खाल्ली, तर उलटी होण्याची वाट पाहू नका. तडक दवाखान्यात न्या. बरोबर एक बीही न्या, म्हणजे काय खाल्ले ते डॉक्टरांना लगेच कळेल.